फुटक्या होडीला मालक नव्हता

(इंदापूर येथील एका महिला मेळाव्यात उजनीकाठच्या मच्छीमार बाईने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. त्यांच्या इच्छेवरून नाव आणि गाव दिलेले नाही.)

मैत्रिणींनो,

ताईंनी मला विषय दिला होता, 'स्त्रिया आणि संपत्तीचा हक्क'. मी त्यांना म्हणलं, संपत्ती म्हणावी असं माझ्याकडं काही नाही. एक होडी आहे, १८ फुटी, फायबरची, आणि तिला खालून ठिगळ आहे. तिच्याबद्दल बोलू का? ताई म्हणाल्या, तेच बोला. म्हणून उभी राहिले.

आमचं घर मूळचं मच्छीमारांचं नाही. सासऱ्यांची भीमेच्या काठाला काळी जमीन होती. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि जमीन, घर, विहीर सगळं पाण्याखाली गेलं. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळसुद्धा बुडालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी फार उतरलं की बाहेर येतं आणि लोक बघायला जातात. आमच्यासारख्या किती घरांनी मग नांगर सोडला आणि जाळं धरलं. भोयांकडून शिकले, बघून शिकले. सासरे शिकले, मग आमचे मालक शिकले.

मी 'मालक' म्हणते. लग्न झाल्यापासून तेच म्हणत आले. ताई मला टोकतात, पण तोंडात बसलंय.

होडीवर मी पहिल्यापासून आहे. पहाटे जाळं ओढायचं, चिलापी सोडवायची, घरी येऊन भाकऱ्या टाकायच्या आणि टोपली घेऊन भिगवणच्या बाजारात लिलावाला जायचं. वारा पाठीमागनं असला तर बांबूला खताच्या गोण्यांचं शीड बांधायचो, तेही मीच शिवलेलं. पण होडी कुणाची, तर मालकांची. मच्छीमार संस्थेत सभासद कोण, तर मालक. माझं नाव कशावरच नव्हतं. दोन वर्षं दुखण्यात काढून मालक गेले. तेव्हा घरात मी, एक मुलगा, एक मुलगी, माझ्या सासूबाई, म्हणजे आम्ही त्यांना आत्या म्हणतो, आणि काठावर होडी.

२०२४ चा उन्हाळा आठवा. धरणात मृतसाठा म्हणून असतो, तिथवर पाणी उतरलं की शून्य टक्के धरतात, आणि त्याच्या खाली गेलं की उणे. त्या साली उजनी उणे साठाच्या आसपास गेली. पाणी असं आटलं की बुडीत गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, लायटीचे खांब पाण्याच्या वर, नाहीतर वीतभर खाली. वीतभर खालचं दिसत नाही. एप्रिलमध्ये पहाटे मी आणि मुलगा जाळ्याकडं निघालो होतो. खालून कर्रकन आवाज झाला आणि पायाला पाणी लागलं. आमच्याच जुन्या गावाची भिंत होती. सासऱ्यांच्या घराची होती का शेजाऱ्याची, ते आत्यांनासुद्धा सांगता आलं नाही.

पाणी उपसत काठ गाठला. होडी पालथी केली तर तळाला भाकरीएवढं भोक आणि त्याला फुटलेल्या चिरा.

पहिल्यांदा दिरांना विचारलं. भावजी म्हणाले, "भंगारात जाईल आता. सोडून द्या." एका कारागिराला बोलावलं, त्यानं १४,००० सांगितले. नवीन होडीचं तर नावच नको. माझ्याकडं ७०० रुपये होते.

आमच्या बचत गटात मी हे बोलले. तिथं एकीनं सांगितलं, माझी धाकटी बहीण बारामतीच्या एमआयडीसीत फायबरची दारं करतात त्या शेडमध्ये रोजानं जाते. मैत्रिणींनो, ती पोरगी सहा वर्षं हेच काम करत होती. साच्यावर मॅट अंथरायची, रेझिन मारायचं, बुडबुडे काढायचे. हजेरीच्या वहीत तिचं नाव 'हेल्पर'. तिला कुणी कारागीर म्हणत नाही, म्हणून आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की हे काम करणारी बाई आपल्यात आहे. रविवारी ती आली. तिनं जे शिकवलं ते मी नीट सांगणार आहे, कारण इथं काठावरच्या बाया बऱ्याच बसल्या आहेत.

तिनं भोकाकडं आधी बघितलंच नाही. खिशातनं रुपया काढला आणि तळावर टकटक वाजवत चालली. आपण बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून बघतो ना, तसं. जिथं फायबर धड आहे तिथं खणखणीत वाजतं. जिथं आतले थर सुटलेत तिथं बद्द आवाज येतो. ती खडूनं खुणा करत गेली. भोक भाकरीएवढं होतं, पण बद्द आवाजाचा घेर तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद निघाला. म्हणाली, "काकू, नुसतं भोक बुजवलं असतं तर महिन्यात शेजारनं फुटलं असतं."

आत बघितलं तर तळाला जी आडवी लाकडी पट्टी असते, फायबरखाली झाकलेली, ती कुजून भुसा झालेली. वरून काहीच दिसत नव्हतं. कधीतरी बारीक चीर पडून पाणी आत मुरलं होतं. म्हणजे भिंतीनं होडी फोडली खरी, पण ती आधीपासूनच आतून गेलेली होती.

मग गटातून ३,००० रुपये कर्ज घेतलं आणि आम्ही दोघी बारामतीला गेलो. एसटीत बायांना अर्धं तिकीट २०२३ पासून आहे, तेही हिशोबात धरलं. खर्च ऐका. रेझिन ५ किलो, १,०५० रुपये. फायबरची मॅट २ किलो, ३८०. हार्डनर आणि कोबाल्ट मिळून १६०. पुसायला ॲसिटोन १५०. पॉलिश पेपर आणि ब्रश २२०. हातमोजे आणि नाकाला बांधायचे मास्क १८०. ग्राइंडर दोन दिवस भाड्यानं, ३००. येण्याजाण्याचं १६०. झाले २,६००. पट्टीसाठी लाकूड घरचंच होतं, मोडलेल्या जुन्या दाराच्या सागवानी चौकटीचं. उरलेल्या ४०० चे ८ रिकामे कॅन घेतले, २० लिटरचे. ते कशाला ते पुढं सांगते.

दुकानात पोरीनं रेझिन आधी हलवून बघितलं. जुनं झालं की ते घट्ट होऊन थरथरायला लागतं, जेलीसारखं. तसलं स्वस्तात दिलं तरी घ्यायचं नाही. ती म्हणाली, काटकसर रंगात करा, घासून चकचकीत करण्यात करा, रेझिनमध्ये करू नका.

होडी आठ दिवस उन्हात पालथी ठेवली. घाई सुटली होती, रोजचं जाळं बुडत होतं, पण ओल्या फायबरला नवीन थर धरत नाही. मग सुटलेला सगळा भाग ग्राइंडरनं काढून टाकला. आता बघा, भोक मोठं करताना हात थरथरतो. भाकरीचं परात झालं. आत्या काठावर बसून ओरडत होत्या, "अगं, होती ती पण घालवताय!" चिरांच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. कडा सरळ ठेवायच्या नाहीत, उतरत्या घासायच्या. तळाची जाडी ५ मिलिमीटर असेल तर उतार त्याच्या १२ पट, म्हणजे ६ सेंटीमीटर, साधारण चार बोटं. जेवढा उतार लांब तेवढी नव्या-जुन्याची पकड जास्त.

घासताना काचेची धूळ उडते. अंगभर कपडे घालायचे, तोंड बांधायचं, भाकरीची गाठोडी लांब ठेवायची. मी पहिल्या दिवशी हातमोजे काढून केस सारखे केले आणि रात्रभर खाजवत बसले. रेझिनचा वास डोक्यात जातो, म्हणून मोकळ्यावरच काम करायचं. आमच्यातली एक पोटुशी होती, तिला आम्ही यायचं नाही म्हणून सांगितलं. ती रागावली, पण तिला लांबच ठेवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन्ही कधीही एकमेकांत ओतायची नाहीत. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून चांगलं ढवळायचं, आणि मगच हार्डनर. अर्धा किलो रेझिनला ५ ते १० मिली हार्डनर. आम्ही मेडिकलमधून सिरिंज आणली आणि त्यानं मोजलं. उन्हाळ्यात कमी लागतं, आम्ही ५ च घातलं. तरी पहिला मग हातातच तापून वाफाळायला लागला आणि दगड झाला. अर्धा किलो गेलं. १०० रुपये गेले म्हणून मला रडू आलं. मग पहाटे पाचला काम सुरू करायचं ठरवलं, गारव्यात, आणि थोडं थोडं कालवायचं.

दुसरी चूक माझीच. भोकाला बाहेरनं आधार लागतो, त्याशिवाय मॅट टेकणार कशावर? मी शहाणपणानं थर्मोकोल कापून लावला, चांगला गोलाई घेतलेला. रेझिन लागल्याबरोबर तो बर्फासारखा विरघळून गेला. पोरगी हसली. तिनं पत्र्याचा तुकडा वाकवला, वर पॉलिथिन गुंडाळलं आणि बाहेरून बांधला. रेझिन वाळल्यावर पत्रा निघून आला.

आतून मॅटचे ४ थर दिले, पत्रा काढल्यावर बाहेरून ३. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. ब्रश ओढायचा नाही, टेकवत टेकवत मारायचा, घर सारवताना कोपऱ्यात हात दाबतो तसा. बुडबुडा राहिला की पांढरं दिसतं, तिथं परत दाबायचं. कुजलेली पट्टी काढून चौकटीचं लाकूड बसवलं, आणि त्याच्यावर चारी बाजूंनी मॅट, भोकाला, खिळ्याला, कुठंही उघडं लाकूड ठेवलं नाही. शेवटच्या थरावर पॉलिथिन अंथरलं, कारण हवा लागली की वरचा पापुद्रा चिकट राहतो. आणि पाच दिवस कुणी हात लावायचा नाही.

आम्ही ५ जणी, ४ दिवस. आता इथं एक सांगते. गावात सगळे म्हणाले, "बायांनी २,६०० त होडी केली." गटाच्या वहीत आम्ही तसं लिहिलं नाही. खुरपणीचा रोज ३०० धरला तर २० दिवसांची मजुरी ६,००० होते. ती आम्ही लिहिली, प्रत्येकीच्या नावापुढं सही किंवा अंगठा घेऊन. पैसे दिले नाहीत, सावड केली. त्यांच्या शेतात मी खुरपायला गेले, एकीचं जाळं विणून दिलं, पोरीला बारामतीला मासे पोचवले. पण कागदावर आलं. सामान ३,०००, मजुरी ६,०००, एकूण ९,०००. स्वस्तात झालं असं जेव्हा म्हणतात तेव्हा बायांची मजुरी बहुतेक कुणी धरलेली नसते.

होडी पाण्यात घालायच्या बेतात होतो आणि २१ मे आली. त्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून आपल्या इंदापूरच्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यात लहान मुलं होती. इथं बसलेल्यांना मी काय सांगू. उजनीवर वळवाचा वारा सुटला की दहा मिनिटांत समुद्र होतो. आत्यांनी माझा हात धरला, म्हणाल्या, "मुलाला घेऊन त्या ठिगळावर बसू नको."

मग आम्ही होडी तपासूनच घ्यायची ठरवली. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, वाळूची पोती भरून तीन दिवस उभी ठेवली. पोती रोज वाढवली. ठिगळाच्या कडेला कोरडी राख भुरभुरली, ओल आली तर दिसावी म्हणून. आली नाही. आणि ते ८ कॅन, बुचं घट्ट लावून, फळ्यांखाली दोरीनं करकचून बांधले. एका कॅनमध्ये २० लिटर हवा, म्हणजे साधारण २० किलो वजन ते वर उचलून धरतं. मग आम्ही मुद्दाम होडीत पाणी भरून बघितलं. काठोकाठ भरली, पण बुडाली नाही. तिला धरून माणूस थांबू शकतो. लाइफ जॅकेटशिवाय तरीही आम्ही जात नाही, आणि आभाळ भरलं तर जाळं गेलं तरी चालेल म्हणतो.

जूनमध्ये होडी चालायला लागली. आणि आठव्या दिवशी भावजी आले.

म्हणाले, होडी दादाची, दादा गेला, आता घराण्याची. जाळ्याला मीही पैसे घातले होते. तुम्ही बाईमाणूस, कुठं पाण्यात जाता? होडी मी चालवतो, तुम्हाला घरखर्चाला देत जाईन. वाईट माणूस नाही तो. मालकांच्या दुखण्यात रात्री त्यानंच काढल्या. पण मैत्रिणींनो, दोन महिने ती होडी पालथी पडली होती, तेव्हा ती घराण्याची नव्हती. भोक पडलं होतं तोवर तिला कुणी मालक नव्हता. बुजलं तसा मालक उभा राहिला.

मी भांडले नाही. मला तेव्हा काय बोलावं तेच माहीत नव्हतं. संघटनेच्या वकीलताईंकडं गेले. त्यांनी सांगितलं ते तुम्ही पाठ करून ठेवा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मालकीच्या वस्तूचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा वाटा. यातलं कुणीही असेल तोवर भावाला वाटा नाही. म्हणजे माझ्या होडीचे चार वाटे, मी, मुलगा, मुलगी आणि आत्या.

आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा पण आहे?" सत्तरी ओलांडली त्यांनी. जमीन बुडाली तेव्हा मोबदल्याच्या कागदावर सासऱ्यांची सही झाली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की एका वस्तूत तुमचा चौथा हिस्सा आहे.

घरात बैठक झाली. भावजी, त्यांचे दोन मित्र, गटाच्या बाया, वकीलताई. मी गटाची वही पुढं ठेवली. कर्ज, दुकानाच्या पावत्या, मजुरी, अंगठे. भावजींनी जाळ्याला घातलेले पैसे त्यांनी सांगितले तेवढे मान्य केले आणि हप्त्यानं फेडायचं लिहून दिलं. होडीचं मात्र आत्या बोलल्या. आपल्याच लेकाला म्हणाल्या, "हिनं भोक मोठं केलं तेव्हा मी ओरडत होते, तू तर आलापण नव्हतास. माझा वाटा हिच्या हातात राहू दे." कागदावर आत्यांचा अंगठा, माझी सही. भावजी चार महिने बोलले नाहीत. आता बोलतात. दिवाळीला पोरांना फटाके आणले.

सगळं झालं असं नाही. मच्छीमार संस्थेत सभासदत्वासाठी मी अर्ज दिलाय, मालकांच्या जागी माझं नाव घ्या म्हणून. तो अजून तसाच आहे. मला सांगतात, बाई सभासद कशाला, मुलगा मोठा झाला की त्याचं घेऊ. मी दर महिन्याला जाऊन पोच मागते. इथं ज्या बाया जाळं ओढतात त्यांनी एकएकटीनं न जाता सगळ्यांनी एका दिवशी अर्ज द्यावा असं माझं म्हणणं आहे. त्यासाठीच मी आज आले.

वकीलताईंनी मला एक गोष्ट सांगितली. नौदलाची 'तारिणी' नावाची शिडाची होडी आहे, गोव्यात बांधलेली, लाकूड आणि फायबरचीच. २०१७-१८ मध्ये सहा बायांनी ती जगाभोवती नेली, आणि पुढं २०२४-२५ मध्ये दोघींनीच. मला ऐकून बरं वाटलं. पण मी पहिलं काय विचारलं असेल? म्हणलं, वाटेत फुटली तर दुरुस्त कोण करतं? ताई म्हणाल्या, त्याच. मग म्हणलं, ठीक आहे, त्यांचं आणि आमचं जमेल.

जाताना तीन गोष्टी सांगते. घरातली कुठलीही वस्तू, होडी असो, शिवणयंत्र असो, शेळी असो, तिच्यावर खर्च केला की वहीत लिहा आणि आपली मजुरीपण लिहा. आपल्यातल्या 'हेल्पर' बायांना विचारा त्यांना काय येतं; त्यांना बरंच येत असतं. आणि भोक दिसलं म्हणून तेवढंच बुजवू नका, आजूबाजूला वाजवून बघा.

कुणाची होडी फुटली असेल तर मला निरोप द्या. ग्राइंडरचं भाडं आणि रेझिन तुमचं, मी आणि ती पोरगी सावडीला येऊ. फक्त पहाटे पाचला तयार राहा.